मेलेले मासे मोजून झाले असतील तर आता जिवंत माशांची पोटं बघा

प्रति,
राज्यात मत्स्यव्यवसाय, कृषी आणि प्रदूषण ही कामं सांभाळणारे सगळे साहेब आणि मॅडम,

नमस्कार.

आमच्या तक्रारीला उत्तर आलं. दीड ओळीचं. "तलावात मृत मासे आढळून आले नाहीत, पाण्याचा तपासणी अहवाल समाधानकारक आहे, सबब प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे." कुठल्या ऑफिसचं ते इथे लिहीत नाही, कारण त्या टेबलावरच्या माणसाशी माझं भांडण नाहीये, त्याला जे तपासायला सांगितलंय ते त्याने तपासलं आणि सही करून मोकळा झाला. पण आम्ही मासे मेले असं कुठे लिहिलंच नव्हतं हो. आम्ही लिहिलं होतं की मासे जिवंत आहेत, जाळ्यात येतात, बाजारात विकले जातात, पण त्यांच्या पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, नीट धरत नाहीये, आणि आमचा संशय धानावर पडणाऱ्या कीटकनाशकांवर आहे. याचं उत्तर मेलेले मासे शोधून कसं मिळणार? फाइल बंद झाली म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, म्हणजे निदान चार लोक वाचतील.

मी भंडारा जिल्ह्यातला ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातला. आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा सभासद आहे, झूलॉजी घेऊन बीएस्सी केलंय आणि नोकरी न लागल्यामुळे परत तलावावर आलोय, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घरी धानाच्या थोड्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, पण आहेत. म्हणजे फवारणीची बाटली आमच्या घरी पण येते, कृषी केंद्रातल्या काउंटरसमोर मी पण उभा असतो, त्यामुळे हे पत्र शेतकऱ्यांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. एकाच घरात धान पण आहे आणि मासा पण आहे, आमच्याकडे बहुतेक घरं अशीच.

बाहेरच्या लोकांसाठी थोडं सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि थोडा नागपूर, या भागात माजी मालगुजारी (जुन्या जमीनदारीतले) म्हणजे मामा तलाव आहेत, हजारोंनी. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले, मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले. पाळीच्या (तलावाच्या बांधाच्या) खाली धान, पाळीच्या वर पाणलोटात पण धान, आणि एका तलावाच्या सलंगेवरून (सांडव्यावरून) सांडलेलं पाणी बांध्याबांध्यांतून खालच्या तलावात जातं. आता औषधाच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की माशांना विषारी आहे, तलाव नदीनाल्याजवळ वापरू नका. साहेब, आमच्याकडे तलावाजवळ नसलेली बांधी कुठे आहे ते दाखवा, आम्ही तिथे जाऊन फवारतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आई बाजारात मासे विकते. जून लागला की गिऱ्हाईक मरळ घेताना आधी पोट दाबून बघतं, गाभोळीचा मासा आहे का म्हणून, दोन पैसे जास्त द्यायची तयारी असते. चांगल्या मरळीत गाभोळीचे दोन पट्टे असतात, दोन्ही बाजूंना सारखे, पिवळेधमक, पातळ पडद्यातून दाणा न् दाणा वेगळा दिसतो, पावशीवर पोट फाडलं की आपोआप बाहेर घसरतात. गेली काही वर्षं आई जे बाजूला काढून दाखवते ते असं नसतं. एक पट्टा अर्धवट भरलेला, दुसरा सुतळीएवढा बारीक. रंग फिका, मध्येच पांढुरके ठिपके, दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठा झालेले, काही आतून रिकामे, बोटाने दाबलं तर नुसतं पाणी. सगळ्याच माशांत असं नसतं हे पण सांगतो, खोटं कशाला बोलू. पण आईला विचारलं तर ती म्हणते तिच्या सासूच्या काळात असा मासा निघाला तर सगळ्या बाया बघायला यायच्या, आता कुणी मान पण वळवत नाही. नराचं तर कुणी बघतच नाही, कारण नराच्या पोटातलं पांढरं दूध कुणी विकत घेत नाही.

हे आईचं निरीक्षण आहे, प्रयोगशाळेचा रिपोर्ट नाही, मला मान्य आहे. पण मी कॉलेजात जे शिकलो आणि नंतर जे वाचलं त्याच्याशी ते इतकं जुळतं की गप्प बसवत नाही. माशाचं अंडं तयार होण्याची एक साखळी असते. मेंदू पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी रक्तात संप्रेरक सोडते, त्याने अंडाशय इस्ट्रोजेन बनवतं, ते यकृताला सांगतं की बलक कर, आणि यकृतातला बलक रक्तातून अंड्यात जाऊन भरतो. यातली एक कडी जरी ढिली झाली तरी मासा मरत नाही, खातो पितो फिरतो, फक्त अंड्यात बलक भरत नाही आणि अर्धवट अंडी तिथल्या तिथे विरून जातात. नराच्या वृषणात पण तेच, शुक्रपेशी तयार होता होता थांबतात, पेशींमध्ये पोकळ्या पडतात. आणि कधी कधी नराचं यकृतच बलक बनवायला लागतं, ज्याची नराला काही गरजच नसते, हे तर अंतःस्राव (संप्रेरकांची यंत्रणा) बिघडल्याचं जगभर मान्य असलेलं लक्षण आहे.

हे काही परदेशी फॅड नाही. बनारस हिंदू विद्यापीठात १९८० च्या आसपासपासून शिंगी आणि मागूर या आपल्याच माशांवर प्रयोग झालेत, मॅलेथिऑन, बीएचसी असली कीटकनाशकं मासा मरणार नाही इतक्या कमी प्रमाणात पाण्यात टाकून. पिट्युटरीच्या संप्रेरकाचा जोर कमी झालेला दिसला, अंडाशय आणि वृषणं खालावलेली दिसली. मरळीच्या जातीवर, एंडोसल्फानवर, कार्बोफ्युरॉनवर, अशी आपल्या देशातली कामं ढिगाने पडली आहेत, एमएस्सीची पोरं दर वर्षी त्याच्या स्लाइड बघून पास होतात. म्हणजे ज्ञान आहे, फक्त ते तलावाच्या पाळीपर्यंत आलं नाही.

एक बाहेरचं उदाहरण मला राहून राहून आठवतं. ब्रिटनमध्ये सामन माशावर सायपरमेथ्रीनचा प्रयोग झाला, २००१ चं काम आहे. मादी पाण्यात एक वास सोडते, तो वास नराला आला की त्याचं शरीर दूध तयार करायला लागतं. मोजायला पण कठीण इतक्या सूक्ष्म प्रमाणात सायपरमेथ्रीन पाण्यात होतं तर नराला तो वासच नीट येईना, आणि दूध वाढेना. मासा दिसायला एकदम ठणठणीत. त्या देशात मेंढ्या बुडवून धुवायच्या औषधात सायपरमेथ्रीन असायचं, ते ओढ्यात जाऊन पाण्यातले जीव मरायला लागले म्हणून २००६ मध्ये त्याची विक्री थांबवली. आपल्याकडे तेच सायपरमेथ्रीन कोणत्याही कृषी केंद्रात हात लांब केला की मिळतं, एकटं मिळतं, दुसऱ्यात मिसळलेलं पण मिळतं.

दुसरं कॅनडाचं. तिथे एका अख्ख्या तलावात २००१ ते २००३ असं तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजेन टाकून बघितलं, लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम, म्हणजे जवळपास काहीच नाही. ते कीटकनाशक नव्हतं, तुम्ही म्हणायच्या आधी मीच सांगतो. पण काय झालं ते बघा: तिथल्या एका छोट्या माशाचे नर बलक बनवायला लागले, वृषणं बिघडली, आणि काही वर्षांत तो मासा त्या तलावातून जवळजवळ संपला. पाण्यावर मेलेल्या माशांचा खच पडला म्हणून नाही, नवीन पिल्लंच तयार झाली नाहीत म्हणून. अशा तलावात तुमचा पंचनामा करणारा माणूस गेला असता तर त्याने पण लिहिलं असतं, मृत मासे आढळून आले नाहीत.

आता तक्रारी एकेक सांगतो.

पहिली म्हणजे तुमचा "समाधानकारक" शब्द. मी शोधून काढलं की तो येतो कुठून. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठी योग्य पाणी म्हणजे "ड" वर्ग. त्याच्या कसोट्या तीन. पीएच साडेसहा ते साडेआठ, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅम किंवा जास्त, आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅम किंवा कमी. झालं. माशासाठी चांगलं पाणी ठरवायच्या यादीत कीटकनाशक हा कॉलमच नाही! म्हणजे तलावात क्लोरपायरीफॉससारखं कीटकनाशक असो की बुटाक्लोरसारखं तणनाशक, अहवाल समाधानकारकच येणार, कारण तो प्रश्नच कुणी विचारला नाही. वरून गंमत अशी की मरळ, शिंगी, मागूर हे वर येऊन हवेतला श्वास घेणारे मासे आहेत, ऑक्सिजन कमी झाला तरी हे तग धरतात. इतका चिवट मासा सहजासहजी मरत नाही, म्हणूनच तो तुमच्या कागदावर कधी मेलेला सापडत नाही. त्याच्या चिवटपणाची शिक्षा त्यालाच.

त्यालाच जोडून दुसरी. औषध माशाला किती विषारी हे ठरवताना जो आकडा सगळीकडे पुढे केला जातो तो असा असतो की किती प्रमाणात ९६ तासांत निम्मे मासे मरतात. चार दिवस. आणि अंडाशयावरचे प्रयोग बघाल तर याच प्रमाणाच्या दहाव्या, विसाव्या हिश्शात, पण काही आठवडे ठेवून, नुकसान दिसतं. चार दिवसांत जगला म्हणजे सुरक्षित, हे गणित बाजारात विकायच्या माशाला ठीक असेल, पण पुढच्या वर्षीच्या माशाला नाही.

तिसरी तक्रार वेळापत्रकाची आहे आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिला दणदणीत पाऊस पडला की तलावातला देशी मासा वर चढतो, नाल्यातून, पाटातून, थेट बांधीत. दाडक, कटवा, शिंगी, उथळ पाण्यात गवताच्या बुडाशी अंडी घालतात. मरळ तलावाच्या काठाला झाडोऱ्यात जागा साफ करते आणि मग नर मादी पिल्लांच्या लालकेशरी थव्याखाली राखण करत फिरतात, ज्याने बघितलंय त्याला माहीत आहे. हे सगळं जून ते ऑगस्ट. आणि बांधीत त्याच वेळी काय चालू असतं? पऱ्ह्यांना (धानाच्या रोपांना) दाणेदार औषध, रोवणी झाली की तणनाशक, मग खोडकिडा आणि गादमाशीसाठी परत दाणे. गादमाशी आमच्या साकोलीकडे किती त्रास देते हे कृषीच्या साहेबांना मी सांगायची गरज नाही. दाणे टाकले की बांधीतलं पाणी काही दिवस बाहेर सोडू नका अशी शिफारस असते, पण त्याच रात्री पाऊस आला तर शेतकरी काय बांधावर उभा राहून पाणी अडवणार? बांध फुटू नये म्हणून तो पाणी मोकळं करणारच, मी पण करतो. ते पाणी जातं थेट तिथे जिथे मासा अंडी घालायला आलाय. त्यात आता जिथे पाणी आहे तिथे उन्हाळी धान वाढलंय, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल परत फवारणी, आणि नेमकं त्याच महिन्यांत माशाच्या पोटात पावसाळ्यासाठीची अंडी भरायला सुरुवात होते. सप्टेंबर ऑक्टोबरला तुडतुड्याची फवारणी वेगळीच. तुमचे पाण्याचे नमुने मात्र कधी घेतले जातात? साहेबांची गाडी तलावापर्यंत जाईल असा कोरडा दिवस बघून.

चौथी गोष्ट कडू आहे आणि आमच्या संस्थांना पण आवडणार नाही. उत्पादनाचा आकडा खाली येत नाही, मग तक्रार कसली, असं विचारलं जातं. आकडा खाली येत नाही कारण तो आकडा रोहू, कटला, मृगळचा आहे. हे मासे तलावाच्या थांबलेल्या पाण्यात अंडी घालतच नाहीत, दर वर्षी बीज केंद्रातून जिरे, बोटुकली (माशांची बारीक पिल्लं) आणून सोडावी लागते. सोडलं, वाढलं, काढलं, विकलं. अंडाशय बिघडलं काय आणि वृषण बिघडलं काय, धंद्याला काय फरक पडतो, पुढच्या वर्षी बीज परत विकत मिळतं. या विकतच्या बीजाने देशी माशाचं संपणं पूर्ण झाकून टाकलंय. देशी माशाला कुणी बीज देत नाही, तो स्वतःच्या पोटातून आला तरच येतो. आणि ज्या घरात बोटुकली विकत घ्यायला पैसे नाहीत, ज्या बायका फक्त काठाला छोटी जाळी लावून पाव-अर्धा किलो बारीक मासा काढून संध्याकाळचं भागवतात, त्यांचं सगळं याच देशी माशावर आहे. संस्थेच्या रजिस्टरात त्यांचा मासा "इतर" या एका रकान्यात जातो. कधी कधी तिथे पण जात नाही.

यातला विरोधाभास बघा. दर वर्षी १० जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस साजरा होतो, बॅनर लागतात, सत्कार होतात. तो दिवस कशासाठी आहे? १९५७ साली त्याच तारखेला ओडिशात अंगुलला डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्युटरीचा अर्क टोचून कार्प माशांकडून अंडी घालून घेतली म्हणून. म्हणजे माशाचं अंडं पिट्युटरीच्या हुकमावर चालतं हे सरकारला जवळपास सत्तर वर्षांपासून माहीत आहे, त्यावर अख्खा बीज उद्योग उभा आहे, आणि पिट्युटरीचाच हुकूम मोडणारं औषध त्याच जुलैत तलावात उतरतं तेव्हा ते कुठल्याच खात्याच्या कामात बसत नाही.

पाचवी, खात्यांची. मत्स्यव्यवसायवाले म्हणतात औषध हा कृषीचा विषय. कृषीवाले म्हणतात आम्ही मान्यता असलेलंच औषध सांगतो, पाणी हा प्रदूषणवाल्यांचा विषय. प्रदूषणवाले कारखान्याचा पाइप शोधतात, बांधीला पाइप नसतो. तलाव कुणाचा तर काही जिल्हा परिषदेचे, काही पाटबंधाऱ्यांचे. २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, आम्ही पण टाळ्या वाजवल्या, स्टेटस ठेवले. मग आता एका शेतीचं औषध दुसऱ्या शेतीचं बियाणं संपवतंय याची जबाबदारी कुणीतरी घ्या ना.

दिल्लीचं पण थोडं लिहितो, कारण तुम्ही म्हणाल बंदी आमच्या हातात नाही. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकं बंद करण्याचा मसुदा काढला होता, त्यात बुटाक्लोर होतं, क्लोरपायरीफॉस, क्विनॉलफॉस, मॅलेथिऑन, कार्बोफ्युरॉन होतं, आणि त्यातल्या काहींपुढे कारण म्हणून पाण्यातल्या जीवांना विषारी, अंतःस्राव बिघडवणारं असं सरकारनेच लिहिलं होतं. २०२३ ला अंतिम झालं तेव्हा पूर्ण बंदीत राहिले डायकोफॉल, डिनोकॅप, मेथोमिल आणि ३६ टक्क्यांचं मोनोक्रोटोफॉस. बाकीच्यांपैकी काहींचे काही पिकांवरचे वापर बंद केले आणि विषय संपला. कार्बोफ्युरॉनचे ३ टक्क्यांचे दाणे राहिलेच, आणि आमच्या बांधीत पडतात ते दाणेच. एंडोसल्फान बंद व्हायला २०११ साली सुप्रीम कोर्टात जावं लागलं होतं, तेव्हा पण आधी केरळात कासरगोडला त्याच्या फवारणीने आजारी पडलेल्या माणसांची अवस्था बघावी लागली. माशासाठी कोण कोर्टात जाणार.

माणसांचं काय झालं ते पण विसरू नका. २०१७ साली यवतमाळात फवारणी करता करता वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात. तेव्हा पंधरा दिवस सगळे जागे होते. तोच मजूर आहे, तोच पंप आहे, तेच दोन-तीन औषधांचं मिश्रण आहे जे दुकानदार सांगतो म्हणून टाकलं जातं, कारण गावात कृषी सहायक आठवड्यातून किती वेळा दिसतो हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. शेतकऱ्याला दंड लावा असं मी मेलो तरी म्हणणार नाही. किडीने धान गेलं तर त्याला कोण विचारतं?

आणि हो, मला माहीत आहे की दुसरी पण कारणं असतील. तलावात तिलापिया घुसलाय, बेशरमचं तण वाढलंय, गाळ भरलाय, पाऊस जूनऐवजी जुलैत येतो, बारीक आसाची जाळी आमचेच लोक लावतात. यातलं काय किती, हे मी पाळीवर बसून नाही सांगू शकत. म्हणूनच तपासा म्हणतोय. तपासलं आणि निघालं की औषधाचा संबंध नाही, तर तसं लिहून द्या, मी हेच पत्र खोडून वर तुमचा रिपोर्ट लावतो. पण न तपासताच समाधानकारक लिहू नका.

मागण्या साध्या आहेत, कुठलीच आकाशातली नाही.

दर वर्षी मे ते ऑगस्ट प्रत्येक धान तालुक्यातल्या काही ठरावीक तलावांतले मरळ, शिंगी, दाडक असे देशी मासे घ्या आणि त्यांचं वजन आणि त्यांच्या गाभोळीचं, वृषणाचं वजन करून शेकडा प्रमाण काढा. याला मशीन लागत नाही, सोनाराकडे असतो तसला वजनकाटा आणि एक वही लागते, बारावी झालेलं पोरगं करू शकतं. जिथे प्रमाण संशयास्पद वाटेल तिथल्या माशांच्या अंडाशयाच्या, वृषणाच्या स्लाइड बनवा. नागपूरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, पोरांना प्रोजेक्ट हवेच असतात, त्यांना हा विषय द्या. तुलनेसाठी जंगलातला, वरच्या अंगाला शेती नसलेला एखादा तलाव पण घ्या, नाहीतर नंतर म्हणाल की सगळीकडे असंच असतं.

पाणी आणि गाळ दोन्हीत कीटकनाशकांची तपासणी करा, आणि ती रोवणीनंतरच्या पहिल्या मोठ्या पावसात, सप्टेंबरच्या फवारणीनंतर आणि उन्हाळी धानाच्या वेळी करा. रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा, मराठीत. माशांसाठीच्या पाण्याच्या कसोट्यांत कीटकनाशकं घाला म्हणून राज्याने केंद्राला लिहावं, आणि तोवर "ड" वर्गाच्या भरवशावर आमच्या तक्रारी बंद करू नये.

कृषी केंद्रांकडे स्टॉक रजिस्टर असतंच. कुठल्या तालुक्यात कुठलं औषध किती विकलं गेलं याची बेरीज करून जाहीर करा. कशासाठी तपासायचं हे त्याशिवाय कळणार कसं?

कृषी खात्याने धानाच्या शिफारशीतच मासा धरावा. मासा चढायच्या दिवसांत कुठलं औषध टाळायचं, पाणी किती दिवस अडवायचं, बांधीचं पाणी तलावात जायच्या आधी गवताच्या पट्ट्यातून किंवा एखाद्या रिकाम्या बांधीतून कसं न्यायचं. खोडकिड्यासाठी कामगंध सापळे आणि ट्रायकोग्रामाची (किडीची अंडी संपवणाऱ्या मित्रकीटकाची) कार्डं वेळेवर द्या, वेळेवर म्हणजे कीड यायच्या आधी, दिवाळीला नाही. गादमाशीला दाद न देणारे वाण बियाण्यात पुरेसे ठेवा.

संस्थांच्या उत्पादनात देशी मासा वेगळा मोजा, "इतर" बंद करा. गोंदिया भंडाऱ्यात सारसांची दर वर्षी गणती होते, चांगलीच गोष्ट आहे, पक्षी जगलाच पाहिजे. पण तो ज्या बांधीत उतरतो त्याच बांधीतल्या माशाची गणती करायला कुणाला सुचत नाही.

आणि जिथे तपासणीत माशाची प्रजननक्षमता गेलेली दिसेल तिथल्या संस्थेची तलाव ठेक्याची रक्कम त्या वर्षी माफ करा, वर काही गावांत एक-दोन छोटे तलाव देशी माशाच्या पैदाशीसाठी राखून त्यांच्या पाणलोटात बिनविषारी धान घेणाऱ्यांना हमीने जास्त भाव द्या. ठेका आम्ही पाण्याचा नाही भरत, माशाचा भरतो.

या सगळ्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमा, नाव आणि फोन नंबर जाहीर करा, म्हणजे तीन खात्यांच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. पुढचा हंगाम लागायच्या आत, म्हणजे मे संपायच्या आधी, पहिली तपासणी सुरू झाली पाहिजे.

मासे आम्ही देतो. बर्फ आमचा, डबा आमचा, नागपूरपर्यंतचं गाडीभाडं पण आम्ही वर्गणी काढून भरू. कुठे आणायचे, कुणाच्या हातात द्यायचे आणि रिपोर्ट किती दिवसांत मिळेल, एवढं लेखी कळवा.

आपला,
भंडारा जिल्ह्यातल्या एका मच्छीमार संस्थेचा सभासद